खुर्ची काढून घेणारी ओळ

मार्चचा दुसरा आठवडा उजाडला, कर्वेनगरातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे मुलामुलींच्या रांगा लागल्या, की माझं डोकं फिरतं. लोकांना परीक्षेचे दिवस आठवले की गहिवरून येतं. रात्रीचा चहा, मैत्रिणींच्या वह्या, हॉल तिकिटावरचा तो भयानक फोटो. मला राग येतो. ऊन भिंतीत मुरायला लागतं, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो, आणि मी ऑफिसच्या बसची वाट बघत उभी असताना दात आवळून धरलेले असतात. हे बऱ्याच वेळाने लक्षात येतं.

पुण्यात मी आले ती अकोल्याहून, एम.ए. इंग्रजीला. नुकतंच शतक बदललं होतं. कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही पाच जणी कॉट बेसिसवर, एकेका खाटेचं भाडं देऊन, राहत होतो. बाकीच्या चौघी कसले ना कसले संगणकाचे कोर्स करत होत्या. त्यांना प्रोग्रॅम लिहिता येत होते, मला यमक जुळवता येत होतं. घरमालकीणबाईंनी जिन्यात पाटी लावली होती : 'चपला हातात घ्याव्यात. आवाज चपलांचा होतो, त्रास आम्हाला होतो.' आम्ही ती वाचून हसायचो. अकोल्याला पत्रात लिहून कळवायचो, की हे बघा पुणेरी उपरोध.

"हा उपरोध नव्हे," हरगुडे सर म्हणाले होते. "हा तुसडेपणा. भाडेकरू मुलींना चार शब्द टोचून बोलायला काय लागतं? उपरोध मान वर करून करायचा असतो."

ज्ञानोबा हरगुडे. आम्हाला अठराव्या शतकातली इंग्रजी उपरोधिक कविता शिकवायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यापुरते तुम्ही प्राध्यापक; जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलमध्ये रामराम. खराडीच्या पलीकडच्या गावातले, शेतकऱ्याच्या घरातले. घरात पहिलेच पदवीधर. सडपातळ, बाहीची बटणं मनगटापर्यंत लावलेली, आणि बोलताना मध्येच गावाकडचं एखादं 'हाय' निसटायचं. मग ते स्वतःच थांबून ते 'आहे' करायचे. पहिल्या बाकावरच्या दोन मुली तेव्हा एकमेकींना कोपर मारायच्या. त्या मुली आता कुठे आहेत माहीत नाही. असतील तिथे त्यांना माझा नमस्कार सांगू नका.

ती कविता खरं तर आम्हाला अगदी परकी होती. केसांचे टोप घातलेले सरदार, त्यांची कुत्री, त्यांचे कॉफीचे कट्टे, एकमेकांच्या जिवावर उठलेले कवी. ओळीत दहा उच्चार, पाच ठोके, आणि दर दोन ओळींना यमक. सर डस्टरने टेबलावर ठोके द्यायचे. खडूची धूळ उडायची. "लक्षात ठेवा. पहिल्या ओळीत माणसाला खुर्ची द्यायची. मानाने बसवायचं. आणि दुसऱ्या ओळीत ती काढून घ्यायची. यमक कशासाठी? पडल्याचा आवाज व्हावा म्हणून."

मी नंतर पुष्कळ विद्वानांची व्याख्यानं ऐकली. त्या छंदाविषयी ह्याहून नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

आणि सर त्या कवींना डोक्यावर घेऊन नाचत नव्हते. एके दिवशी एक लांबलचक कविता शिकवता शिकवता थांबले. तिच्यात कवीने आपल्या काळातल्या दरिद्री लेखकांची टर उडवली होती. त्यांच्या फाटक्या कपड्यांची, पोटमाळ्यावरच्या खोल्यांची, भुकेची. वर्ग हसत होता. सरांनी पुस्तक मिटलं. "इथं कवी हरला. ओळ सुंदर आहे, पण खाली बघून मारलीय. तुम्ही लिहाल तेव्हा हे करू नका."

तुम्ही लिहाल तेव्हा, असं म्हणाले. तीस जणांच्या वर्गात बहुतेकांना एम.ए.नंतर बी.एड. करायचं होतं. हे वाक्य मी एकटीनेच मनावर घेतलं असावं.

त्या वर्षी जानेवारीत कॉलेजच्या ग्रंथालयातला इंग्रजी विभाग हलवायचं ठरलं. हलवायचं म्हणजे कुठे, हे कोणी सांगेना. त्या दालनात कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी इंग्रजी बोलायला शिकवणारं प्रशिक्षण केंद्र निघणार होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी एका कंपनीशी करार केला होता. मी स्वतः पाहिलं : कापडी बांधणीची जुनी पुस्तकं सुतळीने बांधून व्हरांड्यात ठेवलेली, त्यांच्यावर नव्या खुर्च्यांचे खोके. आठवड्याने पुस्तकं नव्हती. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "टेम्पो आला होता." पुढच्या वर्षीपासून उपरोधिक कवितेचा पेपरही बंद होणार, त्याच्या जागी 'व्यावसायिक संवादकौशल्य', असं सूचनाफलकावर लागलं.

माझं तेव्हा जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. मी त्या दालनासाठी पुण्यात आले होते. तिथल्या थंड फरशीवर, खालच्या फळीशी मांडी घालून बसण्यासाठी.

मी कविता लिहिली. इंग्रजीत, सोळा ओळींची, जोडीजोडीच्या यमकांची. अध्यक्ष मोठ्या थाटात ग्रंथालयाचं दार उघडतात, आयुष्यात पहिल्यांदाच. आणि आत येऊन कपाटांकडे बघत विचारतात, ह्यांच्या जागी किती संगणक मावतील? अशी तिची सुरुवात होती. नाव घातलं नव्हतं. सरांनीच शिकवलं होतं, की ते जुने कवी खटल्याच्या भीतीने नावाच्या जागी नुसती रेघ छापायचे, आणि यमकावरून सगळ्या शहराला नाव कळायचं. मीही रेघ मारली. अध्यक्षांच्या आडनावाशी नेमकं जुळेल असं यमक घातलं.

सरांना दाखवली. ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकून वाचत होते. वाचताना बोटं कठड्यावर ठोके देत होती. मग लाल पेन काढलं.

"पाचवी ओळ लंगडतेय. आणि हे विशेषण काढ, राग दिसतोय. राग दिसला की समोरचा सुटला."

"सर, पण राग आलाय मला."

"मलाही आलाय, इंगोले. म्हणून तर आवरायचा."

त्यांनी चार ठिकाणी खुणा केल्या. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबत होते. ती कविता लावू नकोस, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मी दुरुस्त्या केल्या, पण नवी प्रत काढण्याचा मला कंटाळा आला. लाल शाईसकट तोच कागद विभागाच्या भित्तिपत्रकावर डकवला. खाली नाव लिहिलं नाही. आळस. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशी माझा आळस आहे.

कविता दोन दिवस भिंतीवर होती. तिसऱ्या दिवशी सर आणि भित्तिपत्रकाची संपादक म्हणून मी, असं आम्हा दोघांना अध्यक्षांच्या खोलीत बोलावलं. तिथे आमच्या विभागप्रमुख बाई आधीच बसलेल्या होत्या. अध्यक्षांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, तेव्हा कविता समजावून सांगण्याचं काम बाईंकडे आलं होतं. त्यांनी ओळ न् ओळ समजावली. शब्दाचा वरचा अर्थ, आतला अर्थ, यमकाचं कारण. दोन वर्षांत त्यांनी आम्हाला एवढ्या मन लावून काही शिकवलं नव्हतं.

अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ही रेघ कशाची?"

बाईंनी सरांकडे पाहिलं.

"नावाच्या जागी रेघ आहे, साहेब," सर म्हणाले.

"म्हंजे मी का?"

"ज्याला ती आपली वाटते, त्याची ती."

अध्यक्ष हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "लिहिलं कुणी?"

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. घशात शब्द तयार होता, 'मी'. एकच अक्षर. उच्चार करायला ओठ नुसते मिटायचे असतात. मी मिटले आणि तसेच ठेवले.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लाल शाईतलं अक्षर माझं आहे."

ते खोटं बोलले नाहीत, आणि त्यांनी मला वाचवलं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते तेव्हा बाईंनी मला एकटीला बोलावलं. एक टाइप केलेलं निवेदन पुढे ठेवलं. त्यात दोनच वाक्यं होती : 'भित्तिपत्रकावरील मजकूर प्रा. हरगुडे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. मजकूर लावण्यापूर्वी त्यांनी तो तपासला होता.'

"आपण हे वाचून घ्या," बाई म्हणाल्या. रोज 'ए मुली' म्हणणाऱ्या बाई. "ह्यात काही चुकीचं आहे का?"

"नाही."

"मग सही करायला हरकत नसावी. आपली अंतर्गत मूल्यमापनाची कागदपत्रं अजून माझ्याकडेच आहेत. शिवाय त्या नव्या केंद्रातर्फे मुलाखती आहेत, आपल्या वडिलांनी आपल्याला इतक्या लांब पाठवलंय. मला आपली काळजी वाटते."

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. बाईंना ते माहीत होतं.

मी सही केली. पेन त्यांनीच दिलं. मला घाबरवलं गेलं, मी लहान होते, माझ्यामागे कोणी नव्हतं, हे सगळं खरं आहे, आणि ह्यातलं एकही कारण मला आज पुरत नाही. धमकावणाऱ्या बाईंचा राग येतो, नुसतं बसून सगळं घडवणाऱ्या अध्यक्षांचा येतो. पण त्या दोघांचा विचार करता करता माझा हात दिसतो. वळणदार सही करणारा. घाईतसुद्धा मी नावाखाली रेघ ओढली होती.

एप्रिलमध्ये पेपर झाला. प्रश्न आला : समाजाच्या सुधारणेत उपरोधिक कवितेचं कार्य स्पष्ट करा. मी नऊ पानं लिहिली. उपरोध सत्ताधाऱ्याला आरसा दाखवतो, दुबळ्याच्या हाती शस्त्र देतो, कवीला निर्भय करतो. त्या पेपरात मी कॉलेजात पहिली आले. जूनमध्ये सरांना नेमणूक मिळाली नाही. दुसऱ्या कॉलेजांनी चौकशी केली की इथून काय कळवलं जात असेल ते वेगळं सांगायला नको. अध्यक्षांच्या हस्ते केंद्राचं उद्घाटन झालं, आणि त्या केंद्रातल्या पहिल्याच मुलाखतीत माझी निवड झाली. माझं इंग्रजी ऐकून समोरच्या माणसाने पेन खाली ठेवलं होतं.

सोळा ओळींनी अध्यक्षांच्या केसालाही धक्का लागला नाही. उपरोधिक कवितेने राजे सुधारले, असं जे पुस्तकात लिहितात, त्यांना मी एकदा त्या व्हरांड्यात उभं करीन म्हणते.

फोन घेण्याच्या नोकरीतून मी हळूहळू लिहिण्याच्या नोकरीत आले. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत आमची कंपनी गेली. अंतर्गत पत्रव्यवहार माझ्याकडे. साहेबांची दिवाळीची शुभेच्छापत्रं, नव्या नियमांच्या सूचना, आणि माणसं कमी करायची झाली की त्यांना द्यायचं पत्र. ते पत्र माझ्याइतकं चांगलं कोणी लिहीत नाही, असा माझा लौकिक होता. शब्द तोलून, ओळीचा ठोका सांभाळून. दोन परगावच्या ऑफिसांतूनही मागणी यायची.

हरगुडे सरांचं गाव तिथून तीन किलोमीटरवर. आता ते महापालिकेत गेलंय. इतकी वर्षं मी रोज त्या फाट्यावरून बसने जात होते आणि त्या बाजूला बघत नव्हते.

गेल्या मार्चमध्ये गेले. का, ते सांगता येत नाही. झेरॉक्सच्या रांगा बघितल्या, ऑफिसात पोचले, आणि दुपारी उठून रिक्षा केली.

दारात त्यांच्या पत्नी होत्या. "मास्तर व्हय? मळ्यात हायेत," म्हणाल्या. मळा म्हणजे घरामागची सिमेंटची मोकळी जागा. तीन बाजूंनी आमच्याच ऑफिससारख्या इमारती, मध्ये पत्र्याची शेड, फळा, सतरंज्या. गावातल्या मुलींना ते तिथे इंग्रजी शिकवतात. मुली यायच्या होत्या. सर फळा पुसत होते. केस पांढरे झालेले, बाहीची बटणं तशीच लावलेली.

"इंगोले," ते म्हणाले. लगेच ओळखलं.

मी सतरंजीवर बसले. तयारी करून आलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, "सर, ते निवेदन. मी सही केली होती."

"माहीत आहे. मला दाखवलं होतं त्यांनी."

"मी घाबरले होते."

"घाबरणारच. बावीस वर्षांची होतीस." ते समोरच्या खुर्चीत बसले. "तू घाबरलीस हे खरं. मला पुन्हा कधी कॉलेजात वर्ग मिळाला नाही, हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही."

"रागावलायत तुम्ही."

"हाय की," ते म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांनी शब्द दुरुस्त केला नाही. "का नसावा राग? भावांनी जमिनी विकल्या, बंगले बांधले. मी गाड्यांच्या हॉर्नमध्ये क्रियापदं शिकवतो. तू आलीस, बरं केलंस. पण माफ केलं असं माझ्याकडून वदवून घ्यायला आली असशील, तर ते जमायचं नाही."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट किती तरी वर्षांनी कोणीतरी माझ्याशी सरळ बोललं, असं वाटलं.

"आता काय लिहितेस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. नोकरीवरून कमी केल्याची पत्रं.

"म्हण एखादं."

मला पाठ होतं. बदलत्या व्यावसायिक गरजांच्या संदर्भात काही भूमिकांचा पुनर्विचार करण्यात आला असून, आपल्या पुढील वाटचालीसाठी आपल्याला मोकळं करण्यात येत आहे. इंग्रजीत ते ह्याहून मऊ लागतं. सर डोळे मिटून ऐकत होते, कवितेचं ऐकायचे तसेच.

"पुनर्विचार कोणी केला?" त्यांनी विचारलं.

"सर?"

"मोकळं कोण करतंय? सगळ्या पत्रात कर्ता कुठंय, इंगोले? त्या जुन्या कवींनी भीतीपायी नावं गाळली, पण ती वाचणाऱ्याला कळावीत अशी गाळली. तू कळू नयेत अशी गाळतेस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सहीचा राग मी सांभाळून होतो. पण ह्या हाताला मी हे शिकवलं, ह्याचा राग आज नव्याने आला."

मुली आल्या. फाटकातून सात-आठ जणी, वह्या छातीशी धरून. सर उठले. "निघ आता. माझा वर्ग आहे."

पुढच्याच महिन्यात ऑफिसात माणसं कमी करायची यादी आली. मी पत्र लिहिलं : 'आम्ही तुम्हाला कामावरून काढत आहोत. निर्णय संचालकांचा आहे.' त्यांचं नाव घातलं. सूर बदला, असा शेरा मारून पत्र परत आलं. मी बदलला नाही. तीन वेळा आलं, तीन वेळा तसंच पाठवलं. कोणी ओरडलं नाही. ते काम माझ्याकडून काढून एका नव्या मुलीला दिलं. मला वाटलं, सुटले.

यादीत रेखा होती. सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्या विभागात अकरा वर्षं. आम्ही रोज जेवायला एकत्र बसायचो. पत्र मिळालं त्या दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात कागद होता. मी घेऊन वाचला. बदलत्या व्यावसायिक गरजांच्या संदर्भात. नव्या मुलीने जुन्या फाइलमधलं पत्र उघडलं होतं, तारीख बदलली होती आणि छापलं होतं. स्वल्पविरामसुद्धा माझे होते.

"तुम्ही लिहिलंत का हे?" रेखाने विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "भाषा तुमचीच वाटते."

हे पत्र मी लिहिलेलं नाही, मी नकार दिला होता, त्याबद्दल ते काम माझ्याकडून काढून घेतलं, असं मला सांगता आलं असतं. त्यातला शब्द न् शब्द खरा ठरला असता.

"हो," मी म्हणाले. "माझीच आहे."

तिने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि टेबलावर ठेवलेला आपला डबा उचलून ती लिफ्टकडे गेली.